पिराजीच्या तोंडून निघालेला सत्कार

पिराजी अतिग्रे फेटे बांधतो. लग्नातले, वास्तुशांतीतले, निवडून आलेल्यांचे आणि पडलेल्यांचेसुद्धा. लग्नसराईत त्याला जेवायला सवड नसते आणि उरलेलं वर्ष तो माझ्या दुकानापुढच्या कट्ट्यावर काढतो. दुकान सायकल दुरुस्तीचं. पेठेत आता सायकली उरल्यात कुठं? पण दुकान चिंचेच्या तालमीच्या अगदी दारासमोर आहे, त्यामुळे गिऱ्हाईक नसलं तरी माणसांना तोटा नाही.

तालीम म्हटल्यावर बाहेरगावचा माणूस लाल मातीचा आखाडा डोळ्यांपुढे आणतो. तो आहे, मागच्या खोलीत, कुलूप लावून ठेवलेला. आमच्याकडे तालीम म्हणजे गल्लीचा गणपती, मोहरमात गल्लीचा पंजा, गल्लीची भांडणं आणि या सगळ्यांच्या वर गल्लीचा फुटबॉल संघ. स्टेडियमवर आमची मॅच असली की पेठेतली दुकानं बंद, लग्नाची बोलणी पुढे ढकललेली, आणि आजारी माणूससुद्धा निकाल कळेपर्यंत तग धरून बसतो. हे मी गमतीनं सांगत नाही. माझ्या सख्ख्या चुलत्यानं तसं केलंय.

पिराजीचा झेंडा स्टेडियमवर सगळ्यात मोठा. जांभळा आणि पांढरा, फेट्याच्याच कापडातून त्यानं स्वतः शिवलेला. तरुणपणी तो तालमीकडून खेळायचा, मागे, बचावात. रांगडा गडी. बॉल गेला तरी चालेल पण माणूस जाता कामा नये, असा त्याचा खेळ. आणि त्याच्या पाठीमागे गोलात उभा असायचा जयपाल मगदूम.

जयपाल जयसिंगपूरजवळच्या खेड्यातला, जैन शेतकऱ्याचा मुलगा. कोल्हापूरला आयटीआय करायला आला, एके दिवशी आमच्या पोरांचा खेळ बघत उभा राहिला आणि तो उभाच राहिला. शिरोलीला एका फाउंड्रीत नोकरी धरली, राजमतीवहिनींना लग्न करून इथंच आणलं, आणि खेळायचं वय सरल्यावर संघ शिकवायला घेतला. आता सगळी पेठ त्यांना आण्णा म्हणते. त्यांच्या हाताखाली तालमीनं जे चषक आणले ते कपाटात मावत नाहीत म्हणून वरच्या फळीवर गोणपाटाखाली ठेवलेत.

आण्णांचं एक होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं. मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात जाणार नाही. संध्याकाळच्या सरावात ते पोरांच्या मागं असे काही लागायचे की घड्याळाचं भान राहायचं नाही. मग मैदानाच्या कडेला बसलेला पिराजी आभाळाकडे बघायचा आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "आण्णा, दिऽऽवस!" की आण्णा शिट्टी सोडून धावत यायचे, डबा उघडायचे आणि घाईघाईत भाकरी संपवायचे. सूर्य टेकला रे टेकला की डबा बंद. ही हाक किती वर्षं चालली असेल कोण जाणे. पोरांना तर वाटायचं की सराव संपल्याची शिट्टी म्हणजे पिराजीच.

चषक जिंकला की तालमीत मटण शिजायचं, तांबडा-पांढरा रस्सा व्हायचा. आण्णा चुलीजवळ खुर्ची टाकून आपला डबा खायचे आणि म्हणायचे, "जिंकायचं आमी आन् खायाचं तुमी, चांगलं हाय तुमचं." जिंकण्याला असा वास असायचा आमच्याकडे.

दोन हंगाम झाले, चूल पेटलेली नाही.

कारण सरळ आहे. बाकीच्या तालमींनी बाहेरून खेळाडू आणले. गोव्याचे, बंगालचे, पार आफ्रिकेतले. सहा-सहा फुटांचे गडी, पळायला लागले की मैदान हादरावं. आण्णा म्हणाले, "ज्येला गल्ली ठावं न्हाय त्यो गल्लीसाठी कशाला पळंल?" ऐकायला झकास वाटतं. पण कोपऱ्यावरून आलेल्या बॉलवर त्या सहा फुटांनी आमच्या पोराच्या डोक्यावरून गोल घातला की हे वाक्य कुणाला आठवत नाही. तेव्हा फक्त समोरच्या गॅलरीतल्या हलग्या ऐकू येतात.

आणि मग कट्टा तापतो. या वर्षी तो असा तापला की मला दुकानात बसवेना. वरच्या गटातून खाली जायची पाळी आली होती, आणि ती आमच्या तालमीच्या जन्मात कधी आली नव्हती. दूधवाला केरबा रोज गाडीवर बसल्या बसल्याच सुरू करायचा.

"आण्णाला आता घरात बसवा. डोस्कं जुनं झालंय त्येंचं. बचावाला पाच आन् पुढं एकटा? ही काय मॅच हाय का शेताची राखण?"

"तू सांग की मग, काय करायचं ते," पिराजी म्हणायचा. "रतीब घालून आल्यावर लय सुचतंय तुला."

"नवा कोच आणायचा. लायसनवाला. जग कुठं चाललंय बघ मर्दा!"

"जग जाऊ दे. दोन सेंटर फॉरवर्ड तू पळवलेस आण्णाचे. 'त्या तालमीत जा, बूट चांगले मिळत्यात' म्हणून कोण सांगत हुतं पोरास्नी?"

"मी सांगितलं न्हाय, मी नुसतं इचारलं!"

रोज हेच. केरबाच्या बाजूनं सगळा कट्टा आणि आण्णांच्या बाजूनं पिराजी एकटा. मी कुणाच्या बाजूचा, असं विचाराल तर मला दोघांचाही राग यायचा. केरबाचा जास्त, कारण त्याचं म्हणणं निम्मं खरं होतं आणि मला ते खोडता येत नव्हतं.

पण कट्ट्यावरच्या बोलण्यानं कोचची खुर्ची जात नाही. ती जाते तालमीच्या बैठकीत, आणि तिथं आता विश्वजितचं चालतं. विश्वजित म्हणजे अध्यक्ष गणपतरावांचा पुतण्या. फ्लॅट बांधतो आणि विकतो. पोरगा वाईट नाही, तालमीवर त्याचा जीव आहे, हे मी नाकारणार नाही. पण त्याच्या तोंडात सारखं पुढचं असतं. तालमीची अकॅडमी पाहिजे, आपलं नाव देशात गेलं पाहिजे, लोकांनी मोबाइलवर आपली मॅच बघितली पाहिजे. गणपतराव शेजारी बसून मान हलवतात. बैठकीत ते बोलल्याचं आमच्यापैकी कुणाला आठवत नाही.

इथं एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या तालमीत कुणाला हाकलत नाहीत. तोंडावर "निघा" म्हणायला आमची जीभ रेटत नाही. आम्ही त्याचा सत्कार करतो. आधीच्या अध्यक्षांचा झाला. म्हाताऱ्या वस्तादांचा झाला. गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या गुंडूचा तर इतका जंगी झाला की त्याला घरी पोचेपर्यंत कळलंच नाही. शाल, नारळ, फेटा, चार भाषणं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसानं तालमीत फक्त आरतीला यायचं. प्रत्येक वेळी फेटा बांधायला पिराजीच होता. म्हणजे आमच्यात सत्कार या शब्दाचा अर्थ त्याच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

लीगच्या दोन मॅच उरल्या असताना रविवारी सकाळी बैठक बसली. विषय आण्णांचा. आण्णा मैदानावर सरावात होते, त्यांना बोलावलंच नव्हतं. विश्वजितनं गोव्याच्या एका कोचचं नाव काढलं, फोनवर त्याचे फोटो दाखवले. बैठकीतली पोरं वाकून वाकून बघत होती. केरबा म्हणाला, "आण्णास्नी सांगायचं कुणी, एवढंच ठरवा." सांगणार कोण, हा आमच्यातला जुनाच प्रश्न.

तेवढ्यात पिराजी उठला. त्याचा आवाज चढला होता. मी दारात उभा होतो, मला सगळं दिसलं.

"लाजा वाटत्यात का?" तो म्हणाला. "त्या माणसानं उभं आयुष्य घातलं ह्या तालमीत. त्येच्या गावाकडची शेती भावानं खाल्ली, त्यो बोलला न्हाय. पोरीच्या लग्नादिवशी सकाळी सराव घेऊन गेलता त्यो! आन् तुमी त्येला काढायचं बोलालाय? कवा एक नारळ तरी दिलासा त्येला? अरे, सत्कार करा त्या माणसाचा, सत्कार!"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पिराजीला वाटलं, लोकांना लागलं. मला काय झालं ते दारातच कळलं.

गणपतरावांनी घसा खाकरला. पहिल्यांदाच.

"झालं तर मग," ते म्हणाले. "पिराजीच म्हणाला."

टाळ्या पडल्या. खरंच टाळ्या पडल्या. पोरांना सुटल्यासारखं झालं, केरबा पिराजीच्या पाठीवर थाप मारून "मोठ्या मनाचा हाईस" म्हणाला. पिराजी उभाच होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग होता तो तसाच राहिला आणि मग हळूहळू त्याला उमगत गेलं. "न्हाय, न्हाय, मला तसं म्हणायचं न्हवतं," तो म्हणाला, पण तोवर विश्वजित तारीख ठरवत होता. शेवटच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच.

मला पिराजीचा इतका राग आला की मी त्याच्याशी बोललो नाही. बाकी कुणाच्या तोंडून हा शब्द निघाला असता तर पिराजीनं त्याला फाडून खाल्लं असतं. आणि नेमका त्याच्याच तोंडून! पण करणार काय? माणसाला आपल्या धंद्यातला सगळ्यात मोठा शब्द सुचतो. फेटे बांधणाऱ्याला मान म्हणजे सत्कारच.

त्यानं परत फिरवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. विश्वजितच्या साइटवर जाऊन आला. विश्वजितनं त्याला चहा पाजला, "काका, फ्लेक्स छापायला गेलाय" म्हणाला आणि खांद्यावर हात ठेवून रस्त्यापर्यंत सोडायला आला. शेवटी बयाबाई, पिराजीची बायको, त्याला म्हणाली, "आण्णास्नी जाऊन सांगा की सरळ. दुसऱ्याकडनं कळण्यापरीस तुमच्याकडनं कळलेलं बरं." म्हणून तो आण्णांच्या घरी गेला. आण्णा नव्हते. दार राजमतीवहिनींनी उघडलं.

"या भावजी, बसा की! ऐकलासा न्हवं? सत्कार हाय म्हणं ह्यांचा. येवढी वर्सं झाली, कवा कुणी शाल पांघरली न्हवती." त्यांनी त्याच्यापुढे दोन साड्या ठेवल्या. "ह्यातली कुठली नेसू सांगा. तुमी रंगातलं जाणतासा."

वहिनी तालमीच्या बाहेरच्या. त्यांना आमची रीत काय ठाऊक? पिराजीनं जांभळी दाखवली, पाणी प्यायलं आणि परत आला. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी त्याच्याशी पुन्हा बोलायला लागलो. न बोलून काय मिळणार होतं?

उरलेल्या दोनांतली पहिली मॅच हरलो. शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी केली असती तरी वरच्या गटात राहिलो असतो. म्हणजे एवढंच करायचं होतं, गोल खायचा नाही. आणि तेच तर आण्णांनी वर्षभर शिकवलं होतं, पाच जण मागे ठेवून.

पण विश्वजितच्या पोरांनी फ्लेक्स आदल्या रात्रीच चौकात लावला. आण्णांचा जुना फोटो, गोलकीपरच्या जर्सीतला, आणि खाली "कृतज्ञता सोहळा". संघाचा टेम्पो त्याच चौकातून जातो. टेम्पोतली पोरं माना वळवून फ्लेक्सकडे बघायला लागली. कप्तान सम्राटनं आण्णांना विचारलं, "आण्णा, तुमी चाललासा व्हय?" आण्णांनी फ्लेक्सकडे वर बघितलं. घरी वहिनींच्या तोंडून सत्काराचं कानावर आलं असेल तेवढंच, तालमीतल्या कुणी त्यांना तोंडावर काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "मॅचकडं बघ."

स्टेडियम भरलं होतं. पिराजीचा झेंडा गॅलरीत सगळ्यात वर. पूर्वार्ध कोरा गेला. उत्तरार्धात आमची पोरं पाय ओढायला लागली. दमली होती असं नाही. त्यांचं मन कुठं लागत नव्हतं. दर वेळी बॉल बाहेर गेला की ती आण्णांकडे बघायची आणि आण्णा हातानं "मागं, मागं" करायचे. अगदी शेवटी कोपऱ्यावरून बॉल आला. सम्राट जागच्या जागी उभा राहिला आणि समोरच्या संघाचा एक उंच गडी त्याच्या शेजारून उडाला. गोल.

मग समोरच्या हलग्या सुरू झाल्या. आमच्या बाजूला केरबा रडत होता. आण्णांना सगळ्यात जास्त शिव्या देणारा केरबा, दोन्ही हातांनी तोंड झाकून. पिराजीनं झेंडा काठीला गुंडाळला. आम्ही खालच्या गटात गेलो होतो.

तरीही सत्कार झाला. फ्लेक्स लागला होता, पाहुणे सांगून ठेवले होते, मटण आणून झालं होतं. न जिंकता चूल पेटली ती पहिल्यांदाच. पाचचा कार्यक्रम, पण प्रमुख पाहुणे आले साडेसहा वाजता. तोवर आण्णा खुर्चीवर बसून होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. राजमतीवहिनी पहिल्या रांगेत, जांभळ्या साडीत, मांडीवर डब्याची पिशवी. त्यांनी ओळखीच्या प्रत्येक पोराला हसून "जेवलास का?" विचारलं.

पाहुण्यांचं भाषण झालं. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मग विश्वजित उठला. आण्णांचे उपकार तालीम विसरणार नाही, म्हणाला. आता त्यांनी विश्रांती घ्यावी, म्हणाला. "आणि पुढच्या हंगामासाठी गोव्याहून..." वहिनींचे हात टाळी वाजवायला वर आले होते ते तसेच राहिले. त्यांनी आण्णांकडे बघितलं. आण्णा समोरच्या भिंतीवरच्या मारुतीकडे बघत होते. वहिनींनी हात खाली घेतले आणि पिशवीचे बंद धरून बसल्या.

विश्वजित बोलत असतानाच पिराजीला फेटा बांधायला पुढे बोलावलं. त्यानं कापडाची निरी केली, टोक आण्णांच्या हातात दिलं आणि पहिला वेढा घेतला. आण्णा हळूच बोलले, त्याला ऐकू जाईल एवढंच.

"सत्कार तुझ्या तोंडातनं निघाला म्हणं?"

"व्हय आण्णा. पर मला..."

"ठावं हाय. तू मान द्यायला गेलास." मग म्हणाले, "जरा सैल बांध. डोकं ठणकतंय."

पिराजीसमोर खिडकी होती. खिडकीतून तालमीची चिंच दिसते. शेंड्यावर ऊन होतं, अगदी वरच्या डहाळीवर, आणि तेही चाललं होतं. त्याच्या हाताला फेटा होता, आण्णांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, डबा चार पावलांवर होता. त्यानं "दिवस!" म्हणून ओरडायला हवं होतं. आयुष्यभर ओरडला तसं. पण त्या खोलीत तो एकदा बोलला होता आणि त्याचं काय झालं ते समोर खुर्चीवर बसलं होतं. त्यानं पुढचा वेढा घेतला. तुरा काढून होईतो शेंड्यावरचं ऊन गेलं.

लोक मटणाला बसले. आण्णांना कुणी थांबा म्हणालं नाही असं नाही, सगळे म्हणाले. ते हात जोडून बाहेर आले. मी दुकानाच्या पायरीवर होतो. वहिनी गाडीजवळ उभ्या होत्या, डबा तसाच भरलेला. आण्णांनी हेल्मेट घेतलं, पण फेट्यावरून ते बसेना. दोनदा बसवून बघितलं. मग त्यांनी बांधलेला फेटा तसाच्या तसा दोन्ही हातांनी उचलला आणि मागोमाग आलेल्या पिराजीच्या हातात दिला. हेल्मेट घातलं, गाडीवर बसले, वहिनी मागे बसल्या.

"पिराजी," आण्णा म्हणाले, "आज तू हाक मारली न्हाईस."

गाडी चौकातून, त्या फ्लेक्सखालून गेली. आतून केरबा रश्श्यासाठी पिराजीला हाका मारत होता. पिराजी तो रिकामा फेटा छातीशी धरून रस्त्यात उभा होता.